रॉड डीडोंचा एक डॉलर आणि माझ्या भाचीचं मानधन

माझी भाची एका शाळेत मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. चार महिन्यांचं मानधन थकलंय. परवा तिने विचारलं, तर शाळेच्या ग्रुपवर उत्तरादाखल एक फॉरवर्ड आला: ‘अमेरिकेच्या रॉड डीडोंना डॉजर्सने दोन सामन्यांत नापास ठरवून हाकललं. मग त्यांनी वर्षाला एक डॉलर घेऊन कॉलेजात शिकवलं आणि एकट्याच्या बळावर अकरा अजिंक्यपदं जिंकली. खरा गुरू पैसे मागत नाही.’ हाच मेसेज मलाही तीन ठिकाणांहून आलाय. डीडो म्हणजे तिथल्या कॉलेज बेसबॉलचे प्रशिक्षक आणि डॉजर्स हा व्यावसायिक बेसबॉल संघ.

आधी तो डॉलर. तो खरा आहे, मान्य. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात ते नाममात्र एक डॉलर घ्यायचे. पण का? त्यांचा ‘डार्ट’ नावाचा ट्रक वाहतुकीचा धंदा होता आणि तो जोरात चालायचा. पगार सोडणं त्यांना परवडत होतं. भाचीला दुसरं उत्पन्न नाही. सकाळी सहाला ती स्वतः मैदानावर फक्की मारते, उसवलेले ग्लोव्ह घरी आणून दाभणाने शिवते, पेट्रोल स्वतःच्या खिशातून घालते. तिच्या तोंडावर हा डॉलर फेकणं सरळ अन्याय आहे. मेसेज वाचून तिने मला विचारलं, “मामा, मी पैसे मागायला नको होते का?” तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आता ‘नापास’. बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळावर त्यांची एका ओळीची नोंद कुणीही बघावी: १९३५, ब्रुकलिन डॉजर्स, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), २ सामने, ४ वेळा बॅटिंग, १ हिट. तेही मोसम संपता संपता, सप्टेंबरअखेर. एवढ्यावर कुणी नापास ठरतं का? पुढे पाठीच्या दुखापतीने त्यांचं खेळणं संपलं. त्या डॉजर्सचे मॅनेजर होते केसी स्टेंगल, आणि डीडो त्यांनाच गुरू मानायचे. हाकललेला माणूस असं करेल?

अकरा अजिंक्यपदं खरी, ‘एकट्याच्या बळावर’ मात्र नाही. विद्यापीठाच्या संघाचे आधीचे प्रशिक्षक सॅम बॅरी दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेले म्हणून १९४२ साली संघ डीडोंकडे आला. बॅरी परतल्यावर दोघांनी मिळून शिकवलं आणि १९४८चं पहिलं अजिंक्यपद जोडीने मिळवलं. नंतरची दहा डीडोंची, त्यांत १९७० ते १९७४ सलग पाच.

भाचीला सांगितलं, मागायलाच हवे होते. चारही महिन्यांचा हिशेब मांडून आम्ही अर्ज लिहिलाय. उद्या शाळेत देऊन ती त्याची पोच घेणार आहे.