साहेब, आज किती सोडलंय?

नाशिकमध्ये पावसाळा मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत, क्युसेकमध्ये मोजतात. गंगापूर धरण भरत आलं की सकाळी दुधाच्या पिशवीआधी विसर्गाचा आकडा घरात येतो. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ज्यांना सात जन्मांत जमला नाही, ते काकासुद्धा जिन्यात गाठून सांगतात, "दहाचे बारा केलेत. दुतोंड्याच्या गुडघ्याला लागणार बघा."

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक सोडलं, की दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर गंगेतून, म्हणजे आमच्या गोदावरीतून, धडधडत जातात. मे महिन्यात एका टँकरसाठी चार दिवस फोन लावत बसलेल्या माणसाने हा हिशेब करू नये. मी केला, आणि दिवसभर जेवण गेलं नाही. ज्यांना आकड्यांशी घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहेच, पाणी त्या मूर्तीच्या कुठवर चढलं त्यावरून पूर मोजायचा. २००८, २०१६, २०१९, कुठलाही पूर काढा, खरा नाशिककर पाणी कुठवर आलं होतं ते स्वतःच्या कमरेला, छातीला, गळ्याला हात लावून दाखवतो.

तर मला या पाण्याचा फोटो हवा होता. हप्त्यांवर कॅमेरा घेतला होता, आणि घरातल्या कुंडीतल्या जास्वंदीचे एकशे चौदा फोटो काढून झाल्यावर बायकोने हप्त्यांचा विषय काढायला सुरुवात केली होती. सोमेश्वरचा धबधबा, भरून वाहणारा, आणि फ्रेममध्ये एकही माणूस नाही. बस्स, एवढीच मागणी. पावसाळ्यात नाशिकजवळच्या कुठल्याही धबधब्याकडे ही मागणी करणं म्हणजे दहीहंडीला शांतता मागण्यासारखं आहे, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

पहिला प्रयत्न रविवारी पहिन्याला केला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धबधबा दिसला, पण गाडीच्या काचेतून, आणि तोही पुढच्या टेम्पोच्या मागे "बघतोस काय" लिहिलं होतं त्याच्या वर, चार बोटं.

मग डोकं चालवलं. सोमवारी जायचं. तेही श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, कारण त्या दिवशी अख्खी गर्दी त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीला जाते. सोमेश्वर मोकळं. सोमेश्वर हे मुळात महादेवाचं नाव आहे, आणि ज्यांना त्र्यंबकला जायला जमत नाही ते सगळे जवळच्या महादेवाला येतात, ही गोष्ट आईने सांगितली. संध्याकाळी. परत आल्यावर.

सोबत मेहुणा होता. छत्री धरायला. तो गाडीत एसी लावल्याशिवाय बसत नाही, त्यामुळे उतरल्या उतरल्या गार कॅमेऱ्यावर दमट हवा बसली आणि लेन्सवर धुकं आलं. ते पुसायचं नसतं, आपोआप जाऊ द्यायचं असतं. तेवढ्या वेळात मेहुण्याने दोन कणसं खाल्ली.

धबधबा मात्र काय होता! या धबधब्याला दूधसागरही म्हणतात, पण वर धरणाचे दरवाजे उचलले की तो चहासागर होतो, तोही गुळाच्या चहाचा. काळ्या कातळावरून ते तांबूस पाणी असं कोसळत होतं की बोललेलं ऐकू येत नव्हतं. आवाजाचा एक फायदा झाला. पाच पोरं भलामोठा स्पीकर घेऊन आली होती आणि गंगामाईने त्यांचं काही चालू दिलं नाही.

मी दोरीच्या अलीकडे ट्रायपॉड उभा केला. अंगात पिवळा रेनकोट, डोक्यावर टोपी, शेजारी छत्री धरलेला माणूस. दोनच मिनिटांत एक गृहस्थ अदबीने जवळ आले.

"साहेब, आज किती सोडलंय?"

"मला नाही माहीत हो."

ते वळून बायकोला म्हणाले, "सांगायची परवानगी नसते त्यांना."

"अहो, मी फोटो काढायला आलोय."

"हो, फोटोही लागतात रिपोर्टला."

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. कोणी विचारलं, दुतोंड्याच्या कुठपर्यंत येईल? कोणी विचारलं, भांडीबाजारातलं दुकान रिकामं करायला घेऊ का? मी जितकं नाही म्हणेन तितकी माझी बढती होत गेली. एका आजींनी जायकवाडीला पाणी जातं त्याबद्दल मलाच सुनावलं. मेहुणा नालायकाने तोंडातलं कणीस बाजूला करून, "साहेब कामात आहेत, थोडं मागे," असंही म्हणून घेतलं.

आता फोटोचं. गर्दीतला धबधबा रिकामा करायची एक युक्ती असते. लेन्सपुढे काळी काच लावायची, हजारपट उजेड अडवणारी. मग जो फोटो सेकंदाच्या तिसाव्या भागात निघाला असता त्याला तीस सेकंद लागतात, आणि तेवढ्यात जी माणसं हलतात ती फोटोत उमटतच नाहीत. चालणारी, पळणारी, घसरणारी, सगळी गायब. पण यात एक मेख आहे. धबधब्यावर आलेला माणूस हलत नाही. तो फोटोसाठी उभा असतो! शिवाय समोर एक काका होते, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाण्याकडे बघत. विठोबा अठ्ठावीस युगं उभा आहे, यांना मला फक्त तीस सेकंद हलवायचं होतं. चार फोटो काढले. चारही फोटोंत बाकी जग विरघळलं आहे आणि काका दगडात कोरल्यासारखे स्पष्ट आहेत, पँटच्या दुमडलेल्या कडेसकट.

दुसरी मेख त्याहून वाईट. पाणी भरपूर असताना तीस सेकंद दिले की त्याचा पडदा होतो, वाळत घातलेल्या चादरीसारखा. तो जोर, त्या उसळ्या, काही उरत नाही. सेकंदाच्या आठव्या भागात पाणी जिवंत दिसतं, पण मग सगळी जनताही जिवंत दिसते. माणसं घालवायची तर पाणी मरतं, पाणी ठेवायचं तर माणसं राहतात.

त्यात तुषार. दर फोटोनंतर काच पुसायची. आधी कॅमेऱ्याचं फडकं भिजलं, मग रुमाल, मग शर्टाचं टोक. मेहुण्याचा शर्ट कोरडा होता, पण तो छत्रीसकट मागे सरकला. मधल्या वेळात "दादा, आमचा एक काढा ना" म्हणणाऱ्यांच्या मोबाइलवर मी किमान तीस फोटो काढून दिले, आणि सांगायला हरकत नाही, ते झकास आले.

शेवटी बनियनही भिजल्यावर मी हार मानली. कॅमेरा पिशवीत कोंबला आणि ट्रायपॉडचे पाय मिटायला लागलो. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं,

"साहेब आवरायला लागले! पाणी वाढवलं रे!"

मी असं काठ रिकामा होताना कधी पाहिलं नाही. स्पीकरवाली पोरं स्पीकर विसरून पळाली आणि तो घ्यायला परत येऊन पुन्हा पळाली. जोडप्यांनी पोझ सोडल्या. कमरेवर हात ठेवलेले काकासुद्धा हलले, हात तसेच कमरेवर ठेवून. अर्ध्या मिनिटात समोर फक्त कातळ, पाणी आणि वर आभाळात पडलेली एक उजेडाची फट. मी वेड्यासारखी पिशवीची चेन ओढली. ती भिजून अडकली होती.

"दाजी, वाढवलं का खरंच?" मेहुणा पायऱ्यांच्या वरच्या टोकावरून विचारत होता. छत्री घेऊन.

चेन निघेपर्यंत गर्दी परत उतरायला लागली होती.

रात्री जेवताना नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो आला. भरलेला सोमेश्वर, उसळणारं तांबूस पाणी, वर उजेडाची ती फट, कुठेही गर्दी नाही. मला हवा होता तोच, तंतोतंत. फक्त मधोमध एक पिवळा रेनकोट पाठमोरा वाकून काहीतरी ओढतोय. खाली लिहिलं होतं, "सोमेश्वर येथे अधिकारी मोजमाप करताना. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे."

आईने फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"बघ," ती म्हणाली, "सरकारी माणसाचासुद्धा किती छान फोटो काढता येतो कोणाकोणाला."