हस्की फुकट हवाय? मग चौकशी होणारच

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांचं भलंमोठं रडगाणं वाचलं आणि हातातला चहा गार झाला. यांना हस्की, म्हणजे बर्फाळ मुलखातला तो दाट केसांचा कुत्रा, हवा होता. विकत नको, सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या शेल्टरमधून. म्हणजे पुण्यही पदरात आणि पैसेही वाचले. शेल्टरने नाही म्हटलं. का, तर फॉर्ममध्ये ‘कुत्रा दिवसभर कुठे राहील?’ याच्यापुढे साहेबांनी लिहिलं होतं, ‘टेरेसवर’. पुण्यात. टेरेसवर. हस्की! आणि वर ग्रुपवर विचारतायत, “मुलगी देतानासुद्धा एवढ्या चौकशा करत नाहीत, हे कोण टिकोजीराव लागून गेलेत?” खाली अंगठ्यांची ही रांग.

तिथे उत्तर दिलं असतं, पण सासूबाई त्याच ग्रुपवर आहेत. म्हणून इथे.

आमची बर्फीपण हस्कीच, आणि त्याच शेल्टरमधून आली. कोणीतरी तिला हायवेवरच्या ढाब्याबाहेर बांधून पसार झालं होतं. गळ्यात चांगला महागातला पट्टा, अंगभर गोचिड्या. आम्ही तिला घ्यायला तयार होतो, पण तिथल्या ताई म्हणाल्या, आधी घर बघते. आणि आल्या कधी, तर एप्रिलमध्ये, भर दुपारी दीडला. मी म्हटलं, अहो ताई, संध्याकाळी या ना, ऊन केवढंय. म्हणाल्या, “ऊनच बघायला येतेय.” आल्या त्या लिफ्टकडे गेल्याच नाहीत. पार्किंगच्या उघड्या भागात चपला काढल्या आणि अनवाणी उभ्या राहिल्या. क्षणात पाय वर! मग घरात येऊन बाल्कनीची जाळी गदागदा हलवून बघितली, खिडक्यांच्या कड्या बघितल्या, लाइट गेली की काय करता ते विचारलं. नवरा माझ्या कानात पुटपुटला, “इन्कम टॅक्सची धाड परवडली.”

मला मात्र ती बाई तिथल्या तिथे आवडली.

कारण हे कुत्रं मुळात इथलं नाहीच हो. सैबेरियाच्या पार ईशान्य टोकाला चुकची लोकांनी ते बर्फावरच्या गाड्या ओढायला वाढवलं. १९२५ साली अलास्कात नोम नावाच्या गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा असल्याच कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने हजारेक किलोमीटर बर्फ तुडवत साडेपाच दिवसांच्या आत औषध पोचवलं. त्यांच्या रक्तात ते धावणं आहे. आणि आपण त्यांना काय देतो? वन बीएचके आणि रात्री जेवणानंतर गेटपर्यंत एक चक्कर. मग ते सोफा फाडतं, दाराखालून उकरतं, जाळीतून निसटतं, तेव्हा म्हणायचं, “कुत्रा वेडा निघाला.” कुत्रा नाही, तुम्ही वेडे. निळे डोळे बघून पिल्लू आणणारे, रील टाकणारे, आणि ते दीड वर्षाचं झाल्यावर ‘गावी शेतावर सोडलं’ म्हणून सांगणारे तुम्ही!

आणि सोडणाऱ्याचं वाकडं होतं काय? प्राण्याला वाऱ्यावर सोडणं १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास! २०१७च्या नियमांनी ब्रीडरला, म्हणजे विकायला कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला, नोंदणी सक्तीची केली, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही म्हणून सांगितलं. तुमच्या ओळखीत पिल्लू आणलेल्या कोणी नोंदणीचा कागद बघितलाय का? मग कोणीतरी चपला काढून फरशी तपासणारच ना.

हो, काही शेल्टरवाले अती करतात, मान्य. भाड्याच्या घरात राहतो म्हणून माणसाला सरसकट बाद करणं मलाही पटत नाही. आणि ‘एसीत कुत्रं ठेवता, पैसेवाल्यांचे चोचले’ हेही ऐकून झालंय. असतील चोचले. तिला सैबेरियाला परत पाठवता येत नाही, तर काय करू?

बरं, ज्यांना वाटतं की घरी आणलं की संपलं, त्यांच्यासाठी सांगते. पहाटे पाचला आमच्यातलं एक जण बर्फीला घेऊन बाहेर असतं, थंडी असो, पाऊस असो. उन्हाळ्यात सात वाजले की ती घरात, ते थेट अंधार पडेपर्यंत. आणि तेव्हाही बाहेर काढण्याआधी मी खाली जाऊन रस्त्याला हात लावून बघते. ताईंची सवय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला गार व्हायचं असतं. “मग केस काढून टाका की सगळे,” हा सल्ला लिफ्टमध्ये दर आठवड्याला मिळतो. नका देऊ. तो केसांचा दुहेरी कोट उन्हापासूनही वाचवतो, आणि एकदा भादरला की धड परत येईलच असं नाही. विंचरायचा असतो. विंचरायला बसलं की आतली पांढरी लव मूठमूठ निघते, पंखा चालू असेल तर वरणात पण.

पट्टा सोडायचा नाही. कधीच. पार्किंगमधली मांजर दिसली की ही बया आपलं नावसुद्धा विसरते.

आणि भुंकत नाही ती फारशी. हेल काढते. घंटागाडी आली की तिच्या भोंग्याबरोबर मान वर करून असा सूर लावते की तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा मुद्दाम गॅलरीत येतात. सुरुवातीला तक्रार करायचे. आता ती गप्प राहिली तर फोन करतात, बरी आहे ना पोर?

लिहिता लिहिता राग उतरला जरा. त्या गृहस्थांना कुत्र्यांची हौस असेल खरंच, नाही म्हणत नाही मी. त्यांनी त्याच शेल्टरमधलं एखादं गावठी पिल्लू बघावं, आपल्या हवेत तगून राहणारं. पण ते सुद्धा घरात ठेवायला. टेरेसवर वाळवणं घालतात.

ज्यांच्या घरात दुपारी माणूस असतं, पहाटे उठायचं बळ आहे आणि सोफ्याची माया नाही, त्यांच्यासाठी: बर्फीच्या शेजारच्या पिंजऱ्यातला करडा हस्की अजून तिथेच आहे. एका डोळ्याने निळा, एका डोळ्याने तपकिरी, म्हणून फोटो खूप जणांनी काढलेत. नेला कोणी नाही. इनबॉक्समध्ये या, ताईंचा नंबर देते. फॉर्म तुमचा तुम्ही भरायचा, आणि त्या दुपारी दीडला येतील, चहाबरोबर पाय पोळल्यावर लावायला काहीतरी ठेवा.