कमान, छडी आणि गळके पत्रे

आमच्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा दिवाळीत आहे. 1996ची बॅच, लातूर जिल्हा, म्हणजे तीस वर्षं झाली. व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा कार्यक्रमपत्रिका आली: दहाला घंटा, मग प्रार्थना, हजेरी आणि चौथ्या क्रमांकाला ‘गुरुजनांच्या हस्ते प्रेमाची छडी’. पोटं सुटलेले आम्ही सगळे ओळीनं हात पुढे करणार, सर निरगुडीच्या फोकानं हलकेच मारणार आणि फोटोग्राफर ते टिपणार. खाली एकानं लिहिलं, ‘त्या फोकानंच आपल्याला घडवलं. आजची पोरं बिघडली, कारण मास्तरच्या हातातली छडी काढून घेतली.’ त्याला धडाधड अंगठे पडले. त्याच्याच खाली वर्गणीचा हिशोब होता. शाळेला कमान बांधायची आहे, प्रत्येकी पाच हजार, ‘परदेशातल्यांनी यथाशक्ती जास्त’.

मी लिहिलं, ‘शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मुलांना मारायला बंदी आहे, 2010 पासून. आणि कमानीआधी आठवीच्या वर्गाचे पत्रे बदलू या का? गळतात म्हणे.’ उत्तर आलं, ‘तू ऱ्हा तिकडंच. तुमच्याकडं पोरं शाळेत बंदुका घेऊन येतात. आम्हाला नको शिकवू.’

तीन उत्तरं टाइप करून पुसली. इथं कॅलिफोर्नियात रात्रीचा एक वाजला होता.

बंदुकांवर मला उत्तर नाही, हे आधीच कबूल करतो. माझी मुलगी बालवाडीपासून लॉकडाउन ड्रिल करते, म्हणजे शाळेत बंदूकवाला शिरला तर काय करायचं त्याचा सराव, दिवा घालवून कोपऱ्यात गप्प बसायचं. पण ‘अमेरिका’ म्हणून एकच शाळा नसते, एवढं तरी या लोकांना कळावं. टेक्सासमध्ये आजही शाळेत पट्टीनं मारणं कायदेशीर आहे, आईबापांनी लेखी नको म्हटलं तरच नाही. आमच्या कॅलिफोर्नियानं ते 1986 मध्येच बंद केलं. ‘उद्धट वागला’ एवढ्याच कारणावरून मुलाला घरी पाठवणंही इथं टप्प्याटप्प्यानं संपलं. आधी तिसरीपर्यंत, मग आठवीपर्यंत आणि जुलै 2024 पासून बारावीपर्यंत. त्याऐवजी गोल करून बसवतात. शेजारच्या ओकलंडमध्ये 2005 मध्ये एका मिडल स्कूलपासून हे सुरू झालं आणि नंतर सगळ्या स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाचं, धोरण झालं. हे ग्रुपवर सांगितलं तर म्हणाले, ‘गोल बसून काय करतेत, भजन?’

काय करतात ते मी पाहिलंय. गेल्या वर्षी आमच्या सातवीतल्या कन्येनं वर्गातल्या एका मुलीचा फोटो कापून, वर काहीबाही लिहून चॅटवर फिरवला. मला बोलावणं आलं. पोर्टेबलमध्ये, म्हणजे आयत्या आणून ठेवलेल्या वर्गखोलीत, सात खुर्च्या, मध्ये काही नाही. एक नदीतला गोटा होता, तो ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं. काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय होतं? कुणाला लागलं? ते भरून काढायला काय करायला हवं? त्या मुलीची आई बोलता बोलता थांबली आणि गोटा तसाच मुठीत धरून बसली. कुणीही तिला ‘बोला, बोला’ म्हटलं नाही. मग तो माझ्याकडे आला. सहा जणांच्या हातातून आलेला, कोमट. मी ‘सॉरी’ म्हणालो आणि पुढे दिला. रोज मीटिंगमध्ये तासतासभर बोलणारा माणूस मी.

ठरलं ते असं: त्याच चॅटवर मुलीनं आपण काय केलं ते स्वतः लिहायचं आणि तीन आठवडे रोज सकाळी फोन ऑफिसात जमा करायचा. गाडीत बसल्यावर माझ्या मनात आलं, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर दोन मिनिटांत मिटलं असतं. हे ग्रुपवर लिहिलेलं नाही. पिट्सबर्गच्या शाळांमध्ये रँड या संशोधन संस्थेनं या गोल बसवण्याच्या पद्धतीचा अभ्यास केला, 2018 मध्ये छापला, त्यात शाळेतलं वातावरण सुधारलं पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले असं निघालं, तेही मी तिथं लिहिलेलं नाही. कशाला आयतं कोलीत द्यायचं?

तो पोर्टेबल मात्र दाखवण्यासारखा आहे. ‘तात्पुरता’ म्हणून आणून ठेवलेली खोली, वीसेक वर्षं झाली. पावसाळ्यात कोपऱ्यात बादली असते. बादली पाहून मला क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं! तर त्यासाठी आमच्या डिस्ट्रिक्टनं बाँड आणला. इथं शाळेच्या इमारतीसाठी कर्ज काढायचं तर लोकांना विचारावं लागतं, शंभरातल्या पंचावन्नांनी हो म्हणायला हवं आणि मग ते घरपट्टीतून फेडायचं. मास्टर प्लॅनच्या सभेत कुठलं छप्पर आधी, कुठला बॉयलर नंतर, यावर रात्री दहापर्यंत लोक भांडले. प्रत्येकाला दोन मिनिटं, घड्याळ पडद्यावर. आमच्याकडे ग्रामसभेत कोरम भरत नाही म्हणून रजिस्टर घरोघरी सहीला फिरतं, ते आठवलं. मनातून जरा फुशारलोच.

फुशारकी मार्चपर्यंत टिकली. बाँडचा पैसा फक्त बांधकामाला, पगाराला एक डॉलर लावता येत नाही. पगार दुसऱ्या खात्यातून आणि त्या खात्यात खडखडाट. गोल बसवणाऱ्या बाईंची जागा कापली. आता नवी इमारत होईल, खुर्च्या येतील आणि गोटा कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये राहील. म्हणजे इथंही कमानच म्हणायची.

तरी एक गोष्ट मी सोडणार नाही. 10 मार्च 1933 च्या संध्याकाळी लाँग बीचला भूकंप झाला, शाळांच्या इमारती धडाधड पडल्या. मुलं घरी गेली होती म्हणून वाचली. महिन्याभरात कॅलिफोर्नियानं फील्ड ॲक्ट केला आणि तेव्हापासून सरकारी शाळेच्या बांधकामाची तपासणी राज्य करतं. आमचा किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा. विसर्जन करून लोक झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. मी आठवीत होतो, त्याच पत्र्याच्या वर्गात. शाळा उघडल्यावर महिनाभर कुणीच मार खाल्ला नाही, हे मला स्पष्ट आठवतं. सरांना हातच उचलवत नव्हता. भिंतीला तडा गेला होता, त्यावर कुणीतरी चुना फासला. 2025च्या जुलैत राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत शाळेचं छप्पर कोसळून सात मुलं गेली, तेव्हा ग्रुपवर मेणबत्त्यांची चित्रं पडली. आपल्या तड्याचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आणि खरं सांगायचं तर बाँडला मी मत दिलेलं नाही. देताच येत नाही, ग्रीन कार्डवाल्याला मत नसतं. घरपट्टी भरतो, दारात ‘येस’ची पाटी लावली होती, एवढंच. नागरिकत्वाचा अर्ज चार वर्षं ड्रॉवरमध्ये आहे. गावच्या मतदार यादीत माझं नाव आहे असं भाऊ म्हणतो, तिकडेही शेवटचं मत कधी दिलं ते आठवावं लागेल.

छडीबद्दल मी एवढा का चिडलो, हे बायकोनं विचारलं. तिला सांगितलं ते इथंही सांगतो. नववीत मी मॉनिटर होतो. सर वर्गात नसताना बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. मागच्या बाकावरचा एक जण, माझ्याशी जरा वाकड्यात होता, त्याचं नाव मी रोज लिहायचो, बोलला तरी आणि नाही तरी. फोक आणायलाही ओढ्यावर त्यालाच धाडायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. ज्या फोकानं आम्हाला घडवलं म्हणतात, त्या फोकाखालचा तो या ग्रुपवर नाही. नंबर विचारला तर दोघांनी ‘कोण रे तो?’ असं लिहिलं. एकानं सांगितलं, पुण्याकडे चाकणला कंपनीत असेल कदाचित.

पैसे मी पाठवलेत, पत्र्यांसाठी म्हणून. ते कमानीतच जाणार. ॲडमिनचा काल मेसेज आला, ‘देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरायचीत. तुझ्या नावापुढं गाव कोणतं टाकू, आपलं का कॅलिफोर्निया?’ मी त्याला उलट विचारलं, चाकणचा नंबर मिळाला का.