नाव बदला आणि गप्प बसा

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात कंपनी नोंदवून कॅलिफोर्नियात धंदा करणाऱ्या मंडळींनो, नाव बदलायचं मनात आलंय ना? मग मुहूर्त चुकवू नका. जादा 'ए' घाला असं अंकशास्त्रवाल्याने सुचवलंच असेल. डेलावेअरमध्ये काम सोपं आहे. कंपनीच्या सनदेतच, म्हणजे स्थापनेच्या मूळ दस्तऐवजातच, अट नसेल, तर नुसत्या नावासाठी भागधारकांना विचारावंही लागत नाही. संचालकांचा ठराव, दुरुस्तीचा दाखला, फी, झालं! २०२१ मध्ये फेसबुकची मेटा झाली तीही भागधारकांच्या मताविनाच. पाटी बदला, पेढे वाटा.

मग कोणीतरी वकील विचारील, "कॅलिफोर्नियाला कळवलंत का?" त्याला चहा पाजून वाटेला लावा. तिथे म्हणे सुधारित निवेदन भरायचं, वर नाव कायदेशीर बदलल्याचा डेलावेअरच्या अधिकाऱ्याचा दाखला जोडायचा. तुमच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? टेक्सासात नोंदणी असेल तर तिथे ९१ दिवसांची मुदत मिळते. त्यातले ९० दिवस नव्या लोगोचा रंग ठरवण्यात सहज जातात.

नवं नाव कॅलिफोर्नियात मोकळं आहे का, हे तर आधी मुळीच बघू नका. ते दुसऱ्या कुणाचं निघालं, तर त्या राज्यापुरतं वेगळं नाव घ्यावं लागतं. म्हणजे डेलावेअरमध्ये नवं, कॅलिफोर्नियात तिसरंच आणि बँकेत अजून जुनं. पत्रिकेतलं, पाळण्यातलं आणि शाळेतलं अशी तीन नावं आपण लहानपणापासून सांभाळतोच की.

खरी गंमत ग्राहकाने पैसे थकवले की येते. करार जुन्या नावाचा, बिल नव्या नावाचं. त्याचा वकील राज्याच्या संकेतस्थळावर तुमचं नाव टाकतो आणि समोर काहीच येत नाही. नोंदणी नसलेल्या परराज्यातल्या कंपनीला, ती नोंदणी करून दंड भरेपर्यंत, कॅलिफोर्नियात दावा पुढे नेता येत नाही. तुमची नोंदणी आहे हो, पण जुन्या नावाने! एवढं एकच वाक्य न्यायाधीशांना पटवायला तुमचा वकील तासावर पैसे घेतो. घेऊ द्या, त्यालाही पोरंबाळं आहेत.

राहिलं आयकर खातं. कराचा क्रमांक तोच राहतो, फक्त ११२० नंबरच्या फॉर्मवर नावबदलाच्या चौकोनात खूण करायची असते. तीही राहू द्या. नोटिसा जुन्या नावाने आल्या, की 'अशी कंपनी येथे नाही' असा शेरा मारून बिनधास्त परत पाठवता येतात.