डूला म्हणजे सुईण नव्हे, मावशी

आमच्या फॅमिली ग्रुपवर तिसऱ्यांदा तोच मेसेज आला: "डूला म्हणजे आपल्या सुईणीचंच इंग्रजी नाव. हॉस्पिटलात नर्स असतात, घरून आई येते. नुसता हात धरायला हजारो रुपये कशाला? पैसेवाल्यांचं फॅड!" खाली मावशीने हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. धाकट्या बहिणीचं बाळंतपण नुकतंच पार पडलंय, म्हणून उत्तर देते.

सुईण मूल हातावर घ्यायची, नाळ कापायची. डूला म्हणजे कळांच्या काळात पैसे देऊन सोबतीला बोलावलेली बाई; ती यातलं काही करत नाही. पिशवीचं तोंड किती उघडलं ते तपासणं, बाळाचे ठोके बघणं, औषध देणं हे तिचं काम नाही. कुणी करायला लागली तर तिथेच थांबवावं. ती कंबर दाबून देते, कूस बदलायला लावते, घोटभर पाणी पाजते, डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सोपं करून सांगते. (आणि शब्द इंग्रजी नाही, ग्रीक आहे. अर्थ दासी!)

नर्स असतात, खरं आहे. बहिणीच्या कळा रात्री साडेअकराला सुरू झाल्या, मूल झालं दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला. तेवढ्यात सिस्टरांच्या दोन ड्यूट्या बदलल्या. वाईट कुणीच नव्हती, पण एकेकीकडे चार-चार खाटा. आली की पट्टा लावायची, आकडा लिहायची, पुढच्या खाटेकडे.

मग आई. आमची आई पहाटे आत गेली आणि लेकीची एक कळ बघून तिचेच पाय लटपटले. सिस्टरने आधी तिला स्टूल दिलं.

आता "नुसता हात धरणं". कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था. तिच्या 2017 च्या आढाव्यात 17 देशांतल्या 15,858 बायकांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. कळांच्या काळात एक माणूस सतत सोबत होतं, तिथे सिझरचं प्रमाण सुमारे पावपट कमी, कळांचा वेळ सरासरी चाळीसेक मिनिटांनी कमी. पुरावा फार भक्कम नाही, हे तो आढावाच कबूल करतो. पण सोबत करणारं माणूस डूलाच होतं असं नाही. कुठे नातलग, कुठे मैत्रीण. म्हणजे पैशांच्या बाबतीत मावशीचं अर्धं खरंच आहे.

उलट बाजूचा दावाही मला पटत नाही: "डूला घ्या, सिझर टळेल." 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खाजगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारी दवाखान्यांत 14.3. अवघड केसेस कुठे जातात हाही त्यात भाग असेल, पण एवढी तफावत एका डूलाने भरून निघणार नाही. डॉक्टर आणि हॉस्पिटल निवडताना सिझरचा आकडा विचारा, त्याने जास्त फरक पडेल. शिवाय डूलांची नर्सेससारखी सरकारी नोंदणी नसते. तिने आतापर्यंत किती बाळंतपणांत सोबत केली ते तिलाच विचारावं लागतं.

सरकारी दवाखान्यात सोबतीला बाई ठेवायची मुभा केंद्राने 2016 मध्येच दिलीय. खाजगीत ज्याचा त्याचा नियम. बहिणीच्या हॉस्पिटलात "आत एकच माणूस". डूला घेतली असती तर घरच्या कुणालाच आत थांबता आलं नसतं. हे रिसेप्शनवर कुणी सांगितलं नव्हतं, लेबर रूमच्या सिस्टरने सांगितलं.

शेवटी आत थांबली ती बहिणीची जाऊ. दोन बाळंतपणं झालेली, ऑफिसातून सुट्टी काढलेली. सकाळी सहापासून साडेतीनपर्यंत ती जेवायलासुद्धा उठली नाही. फुकटात झालं, मावशी. पण पुण्यात नोकरीला आलेल्या, सासर-माहेर दोन्ही लांब असलेल्या माझ्या शेजारणीला अशी जाऊ कुठून आणायची, तेही त्या मेसेजखाली लिही.