शाळेचं गेट बंद कसं ठेवावं

इंग्लंडात मुलांच्या शाळेचे पॅरेंट गव्हर्नर, म्हणजे शाळेचा कारभार बघणाऱ्या समितीवर (गव्हर्निंग बॉडीवर) पालकांतून निवडलेले सदस्य, झालात? अभिनंदन! चार वर्षं बिनपगारी, पण महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वट वाढते.

आता पहिल्याच मीटिंगला कुणीतरी उत्साही माणूस विचारणार, शाळा सुटल्यावर हॉल न् मैदान रिकामंच पडतं तर आजूबाजूच्या लोकांना वापरू देऊया का. घाबरू नका. २००२ च्या एज्युकेशन अ‍ॅक्टच्या कलम २७ ने गव्हर्निंग बॉडीला मुलं, त्यांच्या घरचे आणि परिसरातले लोक यांच्यासाठी सोयी करायचा अधिकार दिलाय, सक्ती केलेली नाही, आणि अधिकार न वापरल्याबद्दल आजवर कुणाला दंड झालेला ऐकला नाही. २००५ मध्ये लेबर सरकारने ठरवलं होतं की २०१० पर्यंत सगळ्या शाळांमार्फत सकाळी ८ ते संध्याकाळी ६ मुलं सांभाळायची सोय, पालकांना मदत, लोकांना हॉल असं सगळं मिळावं, पण मग सरकार बदललं, वेगळे राखलेले पैसे गेले, त्यामुळे 'फंडिंग नाहीये हो' हे वाक्य तुम्ही छातीठोक म्हणू शकता (खरंही आहे, हीच तर मजा).

तरी कुणी ऐकेना तर वर्किंग ग्रुप नेमा. मग शेजाऱ्यांचं मत घ्या, फक्त प्रश्न नीट विचारा: 'रात्री दहापर्यंत तुमच्या दारात परक्या गाड्या चालतील का?' झालं काम.

शनिवारच्या मराठी शाळेसाठी आपल्याच मंडळाचे लोक हॉल मागायला आले तर जास्त सांभाळा. आधी इन्शुरन्स मागा, मग मुलांच्या सुरक्षिततेची सेफगार्डिंग पॉलिसी, मग सगळ्या शिक्षिकांचे डीबीएस (गुन्ह्यांची नोंद आहे का, हे तपासल्याचे दाखले), आणि हे सगळं आणलंच त्यांनी तर केअरटेकरच्या ओव्हरटाइमचा विषय काढा, तिथे भलेभले थकतात. तुम्ही स्वतः त्याच मंडळाच्या कमिटीवर असाल तर 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' सांगून खोलीबाहेर जा, म्हणजे नकार बाकीच्या गव्हर्नरांनी दिला, तुम्ही नाही, गणपतीला तोंड दाखवायला मोकळे.

एक धोका मात्र आहे. शाळेच्या ऑफिसमधली बाई कुणाला न विचारता कपाटात पास्ता न् बीन्सचे डबे ठेवते आणि ज्या घरात महिनाअखेर ओढाताण असते त्यांच्या मुलांच्या दप्तरात गुपचूप घालते. ना पॉलिसी, ना रिस्क असेसमेंट! हा विषय ताबडतोब अजेंड्यावर घ्या, एक्सपायरी डेट कोण तपासतं ते विचारा, आणि निर्णय पुढच्या टर्मला ढकला.