त्सुनामी आराखड्यावरील प्रतिक्रियेला उत्तर: चार तास नेमके कुठे जातात

नमस्कार,

किनारी गावांच्या त्सुनामी आराखड्याबद्दलचा लेख वाचून तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुम्ही खाडीकाठच्या एका ग्रामपंचायतीचे सदस्य आहात. म्हणजे हे आक्षेप उद्या ग्रामसभेतही निघणार, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

तुमचे म्हणणे थोडक्यात असे. त्सुनामीचा खरा धोका जपानला आणि अंदमानला. आपल्याकडे आली तर मकरानची, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याजवळची येईल आणि तिला यायला चार तास लागतील. हैदराबादचे त्सुनामी इशारा केंद्र दहा मिनिटांत इशारा देते, फोन वाजतो. मग गावपातळीवरचे नकाशे, फलक आणि सराव कशाला? सरावाने उलट घबराट पसरते. त्यापेक्षा तोच पैसा बंधाऱ्याला द्यावा.

चार तासांचा तुमचा अंदाज साधारण बरोबर आहे, वेळ थोडा जास्तच मिळेल. 28 नोव्हेंबर 1945 रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरान किनाऱ्याजवळ 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि मुंबईत पाणी चढल्याची नोंद सकाळी सव्वाआठच्या सुमाराची आहे. इतका वेळ लागण्याचे कारण आपल्या समुद्राच्या तळात आहे. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. चार हजार मीटर खोलीत ती ताशी 700 किलोमीटरने धावते, पन्नास मीटर खोलीत ताशी 80 आणि दहा मीटर खोलीत जेमतेम 36. मुंबईसमोरची उथळ समुद्रबूड जमीन सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. लाटेचा बहुतेक वेळ तेवढ्यातच जातो.

पण त्याच दिवशी, इतका वेळ असूनही, मुंबईत पंधराच्या आसपास माणसे गेली. वेसावे आणि हाजी अली इथे माणसे वाहून गेली, जुहू-दांड्याला होड्या नांगरावरून तुटल्या. पाणी चढले होते सुमारे दोन मीटर. ही माणसे वेळ कमी पडला म्हणून गेली नाहीत. पाणी येत आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

इथे कोकणाचा आणि अंदमानचा धोका वेगळा होतो. निकोबारमध्ये जमीन जोरात हलली की तोच इशारा, आदेशाची वाट न पाहता टेकडीकडे पळायचे. आपण मकरानपासून हजार-बाराशे किलोमीटर किंवा त्याहून लांब आहोत. तिथला भूकंप आपल्याला जाणवेलच असे नाही. पायाखालची जमीन काहीच सांगणार नसेल तर सगळी भिस्त सरकारी साखळीवर येते. म्हणून ‘आपल्याला वेळ आहे, आराखडा नको’ हा तर्क मला उलटा वाटतो. अंदमानातला माणूस सरकारी इशाऱ्याशिवायही वाचू शकतो, कोकणातल्या माणसाला त्याच्याशिवाय काही कळणारच नाही.

आता हैदराबादच्या दहा मिनिटांकडे येऊ. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातले, म्हणजे इन्कॉइसमधले, त्सुनामी इशारा केंद्र 2007 पासून चालू आहे आणि ते उत्तम आहे. मात्र दहा मिनिटांत जे निघते ते भूकंपाचे पत्रक असते: कुठे झाला, किती मोठा, किती खोल. त्यानंतर आधीच गणित करून ठेवलेल्या चित्रांमधून जुळणारे चित्र काढून किनाऱ्याच्या प्रत्येक पट्ट्याला इशाऱ्याची पायरी दिली जाते. ‘वॉर्निंग’ म्हणजे सखल भाग रिकामा करा. ‘अलर्ट’ म्हणजे किनारा आणि धक्का रिकामा करा. ‘वॉच’ म्हणजे सज्ज राहा, लोकांना हलवण्याची गरज नाही. आता महत्त्वाची गोष्ट. लाट साठ मिनिटांच्या आत पोहोचणार असेल तिथे या गणितावरच थेट ‘वॉर्निंग’ निघते. त्यापेक्षा लांबच्या किनाऱ्याला आधी खालची पायरी मिळते आणि समुद्रातले बोये (तरंगती मापन यंत्रे) किंवा भरतीमापक यंत्रे पाणी खरोखर उसळल्याचे सांगतात तेव्हा ती वाढवली जाते. खोटे इशारे टाळण्यासाठी ही पद्धत योग्यच आहे. पण तिचा अर्थ असा, की कोकणाला पक्का आदेश भूकंपानंतर दहा मिनिटांनी मिळणार नाही. तास-दीड तास त्यात गेला असे धरूनच चालावे.

1945 ची वेळ घ्या आणि आजची साखळी तिच्यावर ठेवून पाहा. साडेतीनला भूकंप. पाचच्या सुमारास पायरी वाढली. मग राज्याचा नियंत्रण कक्ष, जिल्ह्याचा, तहसील आणि शेवटी गाव. प्रत्येक टप्प्याला वीस मिनिटे धरली तरी सहा वाजून वीस मिनिटे होतात. वीस मिनिटे हे मी मानलेले आकडे आहेत, पण पहाटेच्या वेळेला ते फार सैल नाहीत. उरले दोन तास, आणि तेही एकही कडी न तुटली तर. कड्या तुटतात त्या साध्या कारणांनी. आराखड्यात पदाऐवजी माणसाचा नंबर असतो आणि त्या माणसाची बदली झालेली असते. तलाठी तालुक्याला राहतो. भोंगा विजेवर चालतो आणि नेमकी वीज गेलेली असते. सर्वात घातक म्हणजे भोंगा वाजवायचा अधिकार कोणाचा हे कुठेच लिहिलेले नसते, त्यामुळे प्रत्येक जण वरच्याच्या फोनची वाट पाहत बसतो. आणि ही वेळ किनारा गजबजण्याची: होड्या परतत असतात, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असते, लिलावाला बायका धक्क्यावर आलेल्या असतात.

यावर उपाय महागडा नाही. ‘अलर्ट’ आला की पुळण (वाळूचा किनारा) आणि धक्का रिकामा करायचा अधिकार सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधीच लेखी देऊन ठेवायचा, तहसीलदारांच्या फोनची वाट न पाहता. ‘वॉर्निंग’ला सखल वाड्या रिकाम्या. इशारा गावात पोहोचायला किमान दोन वेगळे मार्ग हवेत, आणि गावात पसरायलाही दोन. तुम्ही म्हणता तो मोठ्याने वाजणारा मोबाइल संदेश, ज्याच्या चाचण्या 2023 मध्ये आपण सगळ्यांनी ऐकल्या, हा त्यातला एक चांगला मार्ग. तो साध्या एसएमएससारखा रांगेत अडकत नाही, टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम जातो. पण टॉवरची बॅटरी उतरलेली असेल किंवा खाडीच्या वळणात रेंज नसेल, तर बॅटरीवरचा भोंगा, देवळातला आणि मशिदीतला कर्णा यांनाच काम करावे लागेल. महिन्यातून एकदा ठरल्या वेळी ते वाजवून पाहावेत. न वाजवलेला भोंगा वाजेल असे धरू नये.

बंधाऱ्याबद्दल थोडक्यात. आपले धूपप्रतिबंधक बंधारे पावसाळी लाटांचा मारा सोसून जमीन धरून ठेवण्यासाठी बांधतात आणि ते काम करतात. त्सुनामी मात्र फुटून मागे जाणारी लाट नव्हे. पाणी दहा-वीस मिनिटे, कधी त्याहून जास्त, सलग चढतच राहते. बंधाऱ्यात होड्या ओढायला ठेवलेल्या वाटांतून ते शिरते, आणि खाडीच्या मुखातून गावाच्या पाठीमागे येते. भिंत पुरेशी उंच असेल तर गाव वाचते हेही खरे आहे. जपानमधले फुदाई गाव 2011 मध्ये साडेपंधरा मीटरच्या दरवाजामुळे वाचले. पण तारो गावाची दहा मीटरची प्रसिद्ध भिंत त्याच दिवशी ओलांडली गेली. त्यानंतर जपान सरकारने नियोजन दोन भागांत मांडले: शे-दीडशे वर्षांत एकदा येणाऱ्या लाटेला भिंत, आणि त्याहून मोठीला माणसे हलवणे.

तुमचा सगळ्यात वजनदार आक्षेप नकाशे, फलक आणि सराव हा कागदी खेळ असल्याचा आहे. तो बऱ्याच ठिकाणी खरा ठरतो, म्हणून तो कसा ठरतो ते पाहू.

जपानच्या इशिनोमाकी शहरातली ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत, किताकामी नदीच्या काठावर होती. तुमचे गाव खाडीकाठी आहे म्हणून हे उदाहरण मुद्दाम घेतो. 11 मार्च 2011 रोजी 2 वाजून 46 मिनिटांनी भूकंप झाला. पाणी नदीतून शाळेपर्यंत यायला पन्नास मिनिटे लागली. तेवढा वेळ मुले मैदानात उभी होती आणि शाळेच्या मागे टेकडी होती. 74 मुले आणि 10 शिक्षक गेले. धोक्याच्या नकाशात शाळा पूररेषेबाहेर दाखवलेली होती. शाळेच्या आराखड्यात त्सुनामीच्या वेळी कुठे जायचे याचे उत्तर होते ‘जवळची मोकळी जागा, उद्यान वगैरे’. जागेचे नाव नव्हते. त्यामुळे त्या पन्नास मिनिटांत मोठी माणसे कुठे जावे याचीच चर्चा करत राहिली. पालक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने दोष दिला तो त्या दिवशीच्या गोंधळापेक्षा आधीच्या अपुऱ्या नियोजनाला, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

आता आपल्या आराखड्यातले नेहमीचे वाक्य आठवा: ‘नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवावे.’ ही तीच ‘मोकळी जागा वगैरे’ आहे. कोणत्या वाडीने कोणत्या पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) कोणत्या सड्यावर (उंचावरच्या सपाट कातळावर) जायचे, हे लिहिले नसेल तर आराखडा झालेला नाही.

सरावाचे तसेच. कामाइशी शहराच्या उनोसुमाई भागात उंचावरचे ठरलेले ठिकाण चढायला अवघड, म्हणून सराव खालच्या सखल भागातल्या आपत्ती केंद्राच्या इमारतीत घेतले जात. तिथे लोक जास्त येत, हजेरी भरत असे. 2011 मध्ये लोक सवयीने त्याच इमारतीत गेले आणि तिथे सुमारे 160 माणसे मेली असावीत असा अंदाज आहे. त्याच भागातल्या शाळांची मुले आधीच्या शिकवणीप्रमाणे थांबत-थांबत आणखी उंच जात राहिली आणि वाचली. सोयीच्या जागी घेतलेला सराव निरुपयोगी नसतो, तो धोकादायक असतो. पाय चुकीची वाट शिकतात. म्हणून सराव पंचायतीच्या सभागृहात नको, खऱ्या सड्यापर्यंत हवा, आणि एकदा तरी पहाटे.

या बाबतीत कोकण नशीबवान आहे. ओडिशाच्या सपाट किनाऱ्यावर उंच जागाच नाहीत, तिथे बहुउद्देशीय चक्रीवादळ निवारे वापरावे लागतात. तरीही गंजम जिल्ह्यातले वेंकटरायपूर आणि जगतसिंगपूरमधले नोलियासाही ही दोन गावे 2020 मध्ये युनेस्कोच्या निकषांवर ‘त्सुनामी सज्ज’ ठरली आणि 2024 मध्ये त्याच राज्यातली आणखी 24 गावे त्यात आली. त्यांपैकी एकही निकष भिंतीचा नाही. आपल्याकडे पुळणीमागे थोडक्या अंतरावर जांभ्याचा सडा उभा असतो. प्रश्न वाटेचा आहे. पाखाडीच्या तोंडाशी चिऱ्याचा गडगा किंवा फाटक आले आहे का? पायऱ्या शेवाळल्या आहेत का? रात्री दिवा आहे का? एका वृद्ध माणसाला घेऊन सर्वात लांबच्या घरापासून चालून वेळ मोजा. जपानी नियोजनात धडधाकट माणसाला सेकंदाला एक मीटर आणि आधार लागणाऱ्याला अर्धा मीटर धरतात, शिवाय रात्री घराबाहेर पडायलाच दहा मिनिटे. म्हणजे आधार लागणाऱ्याला रात्री पाचशे मीटरला सत्तावीस मिनिटे. चढ असेल तर आणखी. गाड्या नकोत, खाडीकडून वर जाणारा एकेरी रस्ता दहा गाड्यांत अडतो. डिसेंबरच्या सुट्टीत पर्यटकांना पाखाडी माहीत नसते, तेव्हा फलक मराठीबरोबर हिंदीतही लावावेत आणि रिसॉर्टच्या कामगारांना सरावात घ्यावे.

घबराटीबद्दल: 11 एप्रिल 2012 रोजी सुमात्राजवळ 8.6 चा भूकंप झाला, तेव्हा इन्कॉइसने ‘वॉर्निंग’ निकोबारच्या काही भागांपुरतीच ठेवली. चेन्नईत मात्र धक्के जाणवताच लोक इमारतींतून बाहेर आले. अशा वेळी कोणत्या पायरीला काय करायचे हे ठाऊक नसेल तर घबराट वाढते. पायऱ्यांचा अर्थ शिकवणे हाच घबराटीवरचा उपाय आहे.

एक मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण तुमच्या गावात तोच सर्वात अडचणीचा ठरेल: होड्या. इशारा मिळताच नाखवा होडी वाचवायला धक्क्याकडे धावतो. खोल पाण्यात असलेल्या बोटींनी तिथेच थांबावे, बंदरात परतू नये. धक्क्याला असलेल्या छोट्या होडीने मात्र बाहेर पळायचा प्रयत्न करू नये. आपला समुद्र इतका उथळ, की सुरक्षित खोली फार लांब आहे, आणि खाडीच्या मुखात ओढ सर्वात जोरदार असते. होडी सोडून वर जायचे. हे मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत आधी पटले तरच त्या पहाटे पाळले जाईल, आणि त्यासाठी होडीच्या विम्याचा विषयही त्याच बैठकीत घ्यावा लागेल.

परत खाली कधी यायचे हेही लिहून ठेवा. पहिली लाट बहुधा सर्वात मोठी नसते. लाटा कित्येक तास येत राहतात, आणि आपल्याकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत पाच मीटरपर्यंत फरक असतो. ओहोटीला आलेली दोन मीटरची लाट पुळणीवर विरेल, तीच चार तासांनी भरतीवर आली तर वाडीत शिरेल. म्हणून त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक आराखड्याबरोबर हवे. प्रशासनाने धोका टळल्याचे सांगेपर्यंत, आणि निदान दोन तास पाणी शांत राहिल्याशिवाय, कोणी उतरू नये.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 31 प्रमाणे जिल्ह्याचा आराखडा वेळोवेळी तपासून अद्ययावत करायचा असतो. सदस्य म्हणून तुम्ही पुढच्या ग्रामसभेत ठराव आणू शकता: आमच्या गावाच्या पानावर पोहोचण्याच्या जागांची नावे, भोंग्याचा अधिकार कोणाकडे ते, आणि पदानुसार दूरध्वनी क्रमांक घालावेत. ठरावाचा मसुदा हवा असेल तर इथेच कळवा, वाड्यांची नावे आणि सड्याकडे जाणाऱ्या पाखाड्या सांगितल्यात तर त्यावरून तो लिहिता येईल.